वरून दिसणारा माणूस

सेरेंबान
७ एप्रिल

अबाह, सलाम.

तुमचा फोन बंद, म्हणून तुमची लेक पुन्हा कागद घेऊन बसली. ईदला मक लोंग आत्याकडे आले तेव्हा माणसांची एवढी जत्रा होती की कामाचं बोलणं राहूनच गेलं.

सेंतांगचं आईचं घर मी विकायचं ठरवलं आहे. आई गेली, शंभरावा दिवस झाला, तुम्ही रिवाजाप्रमाणे तुमच्या बहिणीकडे राहायला गेलात, आणि तेव्हापासून घराला कुलूप आहे. बंद घराला वाळवी लागायला वेळ लागत नाही. जमीन रिवाजाची, म्हणजे घेणारी आपल्याच कुळातली बाई हवी, हे तुम्हाला मी काय सांगायचं. तशी एक मिळाली आहे. आईच्या मावशीची पणती हसनिता. पर्थला असते, दोन लहान मुलं आहेत, तिला एवढ्यात येता येत नाही. तिचं म्हणणं, घर, दुरियानची बाग आणि ओढ्यापर्यंतची हद्द वरून दाखवा, मग बोलू.

मी ज्या घरविक्रीच्या ऑफिसात काम करते तिथला नियम आहे की ड्रोन उडवायचा तर परवानाधारक पायलटनेच. म्हणून कुगन नावाचा इथलाच एक जण ठरवला आहे. तुमच्याकडे एकच काम. हद्दीच्या चार दगडांवर पांढरं कापड अंथरायचं, म्हणजे वरून कोपरे दिसतील. दगड कुठे आहेत ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. किल्लीही तुमच्याकडेच आहे.

पैशाचं काय करणार ते नंतर सांगेन. डोक्यात एक आहे.

तुमची आयु


मक लोंगचं घर, कुआला पिलाह
१३ एप्रिल

आयु, सलाम.

पत्र पोचलं. तिकीट उलटं लावलं होतंस. जन्मभर मी सायकलवरून टपाल वाटलं आणि माझ्याच पोरीला तिकीट सरळ लावता येऊ नये. फोन बंदच राहणार. फोनवर माणूस पटकन खोटं बोलून जातो, पत्रात निदान विचार करून बोलतो.

घर तुझं. आईकडून लेकीकडे आलेलं. मी मध्ये बोलणारा कोण? आपल्यात म्हणतातच, जोडीने कमावलं ते वाटून घ्या, बायकोचं आहे तिथे ठेवा, स्वतः आणलं असेल ते उचला. मी सायकल आणली होती, ती उचलली.

पण ते उडतं यंत्र मला पसंत नाही. बाग ऐन फुलोऱ्यावर आहे. त्या पंख्याच्या वाऱ्याने फुलं झडली तर फळ कुठून धरणार? ओढ्याकाठच्या उंच झाडावर मधमाश्यांची पोळी आहेत, त्या खवळल्या तर तुझ्या वैमानिकाची आई त्याला ओळखणार नाही. आणि घर वरून बघून कोण घेतं? नवरी बघायला येणारेसुद्धा तोंड बघतात, डोक्यावरचा भांग बघून लग्न ठरवत नाहीत.

फारच हौस असेल तर आत्याच्या अजीसला सांग. लग्नाचे फोटो काढतो, तसलं यंत्र त्याच्याकडे पण आहे. घरचा पोरगा. जे काढ म्हटलं ते काढेल, जे नको म्हटलं ते पुसून टाकेल.

ठरलंच तर दिवस आधी कळव. आयत्या वेळी नको.

अबाह


सेरेंबान
१९ एप्रिल

अबाह, सलाम.

तिकीट या वेळी सरळ आहे, बघून घ्या.

अजीसचं नाव काढू नका. सितीच्या लग्नात त्याचं यंत्र रेंडांगच्या पातेल्यात पडलं आणि वऱ्हाडाने मुकाट्याने तेच खाल्लं. त्याच्याकडे ना परवाना, ना विमा. उद्या कुणाच्या टाळक्यात पडलं तर अजीस पळून जाईल. कुगन पळू शकत नाही, त्याचा नंबर सरकारदरबारी आहे. प्रत्येक जागेची वेगळी मंजुरी काढतो, माझ्याकडून मालकीणबाई म्हणून सहीचं पत्र घेतलं, आणि खाली माणूस असेल तर त्याच्या डोक्यावरून यंत्र नेत नाही, लगेच मागे आणतो. तसा त्यांचा नियमच आहे. मधमाश्यांचं मी विचारलं. म्हणाला, लांबूनच जाईन. फुलं झडणार नाहीत एवढ्या उंचीवर राहीन.

दिवस ठरला, ३ मे, सकाळी.

परवा रेंबाऊला काम होतं, तेव्हा रस्त्यावरून घर पाहिलं. अंगण लख्ख झाडलेलं, गवत कापलेलं. एवढ्या लांबून बसने येऊन तुम्हीच हे करता ना? गुडघ्यांची काय दशा होईल? पालथ्या घड्यावर पाणी आहे तरी सांगते, आता पुरे. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे.

आयु


मक लोंगचं घर, कुआला पिलाह
२५ एप्रिल

आयु, सलाम.

हो, मीच झाडतो. अधूनमधून जातो. बसला काय, बसून तर राहायचं असतं. घर विकायचं म्हणून घाणीत ठेवायचं असं कुठे लिहिलं आहे?

३ मे चालेल. कापड आदल्या दिवशी अंथरीन. मात्र ३ म्हणजे ३. त्याला निक्षून सांग, दुसऱ्या दिवशी यायचं नाही. मला सारखं सारखं यायला जमत नाही.

एक विचारायचं होतं. त्या यंत्राला किती बारीक दिसतं? कोंबडी दिसते का? दोरीवरचं धुणं? कुणाचं धुणं आहे म्हणून नाही, शेजारच्यांचं वाऱ्याने उडून येतं. आणि झाडाखालचं दिसतं की नुसता शेंडा? बागेत मागे आपली राखणीची जुनी खोप आहे, ती पडायला आली आहे. ती फोटोत आली तर गिऱ्हाईक नाक मुरडेल. तेवढा भाग वगळायला सांग. बागेत बघण्यासारखं काही नाही.

आत्या बरी आहे. तुला सलाम सांगते.

अबाह


सेरेंबान
९ मे

अबाह,

तीन तारखेला पावसाने झोडपलं, कुगनला उडवता आलं नाही. मंजुरीची मुदत संपत आली होती. तुम्हाला फोन लावून लावून थकले, शेवटी काल त्याला एकट्यालाच पाठवलं. कापडं दगडांवर तशीच होती, कोपरे छान आले आहेत.

पण अबाह, आपल्या बागेत एक माणूस राहतो.

खोप पडायला आली आहे म्हणता ना? तिच्यावर नवाकोरा पत्रा आहे, उन्हात चमकतोय. शेजारी मिरच्यांचे वाफे आहेत. दोरीवर धुणं आहे, चुलीचा धूर निघतोय. आणि एक पुरुष, सारोंग नेसलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आईच्या स्वयंपाकघरामागच्या नळावरून ताटली धुऊन निवांत खोपीकडे चालला आहे. स्वतःच्या बापाची जागा असल्यासारखा. तोंड दिसत नाही, वरून नुसता टॉवेल. माणूस दिसल्याबरोबर कुगनने नियमाप्रमाणे यंत्र मागे घेतलं, त्यामुळे पुढची ओढ्याकडची बाजू राहूनच गेली.

तुम्ही झाडता त्या अंगणात तो तुमच्यामागे फिरत असेल आणि तुम्हाला पत्ता नाही. आई जाऊन वर्ष झालं नाही तर तिच्या झाडाखाली कुणी आयतोबा बिऱ्हाड थाटतो. लाज म्हणून नाही माणसाला.

फोटो ऑफिसातून हसनितालाही गेले. तिचा लगेच निरोप आला, हा कोण, आणि तो असेपर्यंत मी सही करणार नाही. साहेब म्हणतात पोलिसात तक्रार द्या, एकदा जागा धरून बसला की निघणार नाही. सोमवारी देते आहे. तुम्ही या. पोलिसांबरोबर घरातला कुणी पुरुष असलेला बरा. आपण दोघं मिळून त्याची पथारी ओढ्यात फेकू.

आयु


कुआला पिलाह
११ मे

आयु,

हे पत्र आत्याच्या अजीसच्या हाती पाठवतो आहे, टपालाने सोमवार उलटून जाईल.

तक्रार देऊ नको.

त्या माणसाला मी ओळखतो. निरुपद्रवी आहे. म्हातारा आहे. घरात पाय ठेवलेला नाही, झाडाचं फळ तोडून विकलेलं नाही. नळाचं पाणी घेतो, ते तू म्हणशील तर बंद करायला लावतो. पत्रा त्याचा स्वतःचा आहे.

त्याला चोर समजून पोलीस आणलेस तर सगळं गाव गोळा होईल. तेवढं करू नको. मी जाऊन सांगतो त्याला. निघून जाईल. त्याच्याकडे उचलायला फारसं नाही.

तुझा वैमानिक काय म्हणाला, कसा दिसत होता तो?

आणि पैसे कशासाठी हवे आहेत तेही लिही. एवढी घाई कसली?

अबाह


सेरेंबान
१६ मे

अबाह,

तक्रार थांबवली आहे. कुगन नवी मंजुरी काढून २४ तारखेला सकाळी पुन्हा जाणार आहे, राहिलेली बाजू घ्यायला. तोपर्यंत तो माणूस गेलेला हवा. यापुढे साहेब माझं ऐकणार नाहीत. हसनितासुद्धा थांबणार नाही, तिला दुसरी जागा दाखवणारे टपून बसलेत. कुळातली दुसरी बाई मी कुठून आणू?

पण मला राग वेगळ्याच गोष्टीचा आला आहे. तुम्हाला माहीत होतं. कोंबडी दिसते का, धुणं दिसतं का, बाग वगळा, अजीसला बोलवा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. एका परक्या माणसासाठी तुम्ही माझ्याशी लपवाछपवी केली. माझी जमीन, आणि त्यावर कोण राहतं हे मला एका परक्या पायलटने सांगावं?

पैसे कशाला म्हणून विचारता. ऐका मग. नंतर सांगणार होते, आता राहवत नाही. इथे सेरेंबानला एक तळमजल्याचं घर पाहिलं आहे. मागे एक खोली आहे, तिला स्वतंत्र दार आहे, बाहेर सायकल लावायला जागा. ती खोली तुमच्यासाठी. ईदला आत्याकडे मी बघितलं, तुमची गादी कपाटावर गुंडाळून ठेवलेली आणि तिच्यावर बोटभर धूळ. पाच नातवंडं, दोन सुना, त्यात माझ्या बापाला पाठ टेकायला जागा नाही. कुठे झोपता कोण जाणे. मी तेव्हा मूग गिळून बसले, कारण आत्याच्या घरात बसून तिला हे कसं बोलायचं? येताना गाडीत रडले.

म्हणून घर विकायचं आहे. आईचं घर मला काय जड झालं होतं?

त्या माणसाला सांगा जा म्हणून. कोण का असेना.

आयु


कुआला पिलाह
२१ मे

आयु,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. खोलीला स्वतंत्र दार आहे हे वाचून चष्मा पुसावा लागला.

आता त्या माणसाबद्दल सांगतो. एवढं तरी तुला कळायला हवं.

त्याची बायको गेली. बायकोच्या घरात तो लग्नानंतर आला होता. आपल्यात असतं तसंच, पुरुष पाहुणा. पाहुणा म्हणून आला आणि केस पांढरे होईपर्यंत राहिला. ती झाडं त्या दोघांनी लावली. शंभराव्या दिवशी जेवण झालं, त्याची बहीण रीतीप्रमाणे न्यायला आली, पानाचा डबा मध्ये ठेवला, वडीलधाऱ्यांनी नेहमीचं बोलणं केलं. आता एकच गोष्ट राहिली होती. त्याला ठेवून घ्यायचं असेल तर त्या घरच्या लेकीने डबा आपल्याकडे ओढायचा आणि म्हणायचं, राहा. लेक एकच. ती चहा ओतत होती. एकदा सगळ्यांना ओतला, मग परत पहिल्यापासून ओतायला लागली. मान वर केली नाही. डबा तिथेच राहिला. तो उठला, पिशवी घेतली, सायकल घेतली.

बहिणीकडे गेला तो. थोडे दिवस राहिला. वाईट कुणी वागलं नाही. पण झोप येईना. एक दिवस अंगण झाडायला म्हणून गेला आणि परतीची बस आली तेव्हा चढला नाही. एवढंच. बहिणीला शपथ घातली, पत्रं आली की ती ठेवून घेते, तो रविवारी बाजाराला आला की घेऊन जातो.

घराची किल्ली त्याच्या कमरेला आहे. पाऊस खोपीत येत होता तेव्हा पण त्याने कुलूप उघडलं नाही. बोलावल्याशिवाय घरात कसा शिरणार? पत्रा घेतला आणि डोक्यावर घातला. बागेचं वेगळं, बागेत राखणीला कुणीही बसतो.

लेकीने त्याला बेशरम म्हटलं ते त्याला लागलं. पण ती तरी काय करणार, वरून माणूस ओळखू येत नाही.

चोवीस तारखेला तो असेल. तुझ्या वैमानिकाला सांग, यंत्र लगेच मागे घेऊ नको. त्या माणसाला मी वर बघायला सांगितलं आहे. मग तू ठरव.

अबाह


सेरेंबान
२४ मे

अबाह,

फोटो आला.

कुगनने यंत्र डोक्यावर आणलं नाही, ओढ्यापलीकडे धरलं आणि तिथून कॅमेरा वळवला. तुम्ही अंगणाच्या मधोमध उभे आहात. टॉवेल काढलेला, ईदचा शर्ट घातलेला, हात बाजूला. आणि वर बघताय. उन्हाने डोळे बारीक केलेत तरी बघताय. मी ऑफिसात सगळ्यांसमोर खुर्ची मागे सारून उठले आणि जिन्यात जाऊन बसले. कुगनने फोन करून विचारलं, ताई, पोलिसांना फोटो पाठवायचा का? मी म्हटलं, ते माझे वडील आहेत. तो म्हणाला, त्यांनी मला खायला केळी दिली.

तुमच्या खोपीला मी काय काय बोलले. ओढ्यात फेकू म्हटलं. ते शब्द मला परत घेता येत नाहीत, तुम्ही ते पत्र फाडून टाका.

आता माझं ऐका. त्या दिवशी मी चहा का ओतत राहिले ते तुम्हाला कधी वाटलं का विचारावं? तुमची पिशवी सकाळपासून दाराशी भरून ठेवलेली होती. मला वाटलं, यांना जायचं आहे. आईशिवाय या घरात यांचा जीव रमत नाही. आणि समोर आत्या बसली होती, भावाला न्यायला नवे कपडे घालून नटून आलेली. तिच्यासमोर डबा ओढायचा म्हणजे तुझ्या घरी माझ्या बापाचे हाल होतील असं तिच्या तोंडावर म्हणणं. मी घाबरले. वाटलं, तुम्ही एकदा माझ्याकडे बघाल. तुम्ही डब्याकडे बघत होता. मी तुम्हाला जा म्हटलं नव्हतं, अबाह. मला राहा म्हणता आलं नाही, एवढंच खरं.

रिवाजाला तोंड असतं तर त्याने आपल्या दोघांच्या कानाखाली एकेक ठेवून दिली असती.

हसनिताला कळवलं, घर विकायचं नाही. ती चिडली, साहेब तिच्याहून चिडले. दुसऱ्या उड्डाणाचा खर्च माझ्या पगारातून जाणार आहे. जाऊ दे. सेरेंबानचं ते घर कुणीतरी दुसरं घेईल, मला त्या खोलीचंच तेवढं वाईट वाटतं.

रविवारी पानाचा डबा घेऊन मी आत्याकडे जाते आहे. तिची रीतसर माफी मागेन, मग रीतसर विचारेन. वडीलधारी मंडळी बोलावली आहेत. तुम्ही पण या, पिशवी न भरता. आणि डब्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा. मी मोठ्याने म्हणणार आहे.

तिथपर्यंत कशाला थांबायचं. इथेच लिहिते. अबाह, राहा.

आणि पत्रात माणूस विचार करून बोलतो म्हणे. विचार करून खोटं बोलतो असं म्हणा.

तुमची आयु


तुझ्या आईचं घर
कंपोंग सेंतांग
२ जुलै

आयु, सलाम.

पत्र लिहायला उशीर झाला. पिकलेली फळं गळायला लागली आहेत, पहाटे उठून गोळा करावी लागतात, नाहीतर रानडुकरं नंबर लावतात. या वर्षी धरली बरी, तुझ्या वैमानिकाने फुलं पाडली नाहीत हे मी कबूल करतो. त्याला एक टोपली बाजूला ठेवली आहे. परवाना असला तरी माणूस चांगला आहे.

आत्या येऊन राहून गेली. अजून टोमणे मारते. म्हणते, भाऊ पळवून नेलास तो नेलास, वर रडून माझाच खांदा भिजवलास.

कुलूप गंजलं होतं. तेल घातलं, रात्रभर ठेवलं, सकाळी उघडलं. आत तसं सगळं जागच्या जागी आहे. स्वयंपाकघर एका कोपऱ्यात गळत होतं, तिथे खोपीचा पत्रा काढून लावला. बरोबर बसला.

शनिवारी येशील तेव्हा दारावर थाप मारू नको, नुसतं ढकल. मी आत आहे.

अबाह